मोरियाचा मेंढा आणि चौकीवरचा उंट

बायबलमधील उत्पत्ती नामक पहिल्या ग्रंथाच्या 22 व्या अध्यायात, अवघ्या 19 वचनांच्या अवकाशात, अब्राहामाने आपला लाडका पुत्र इसहाक यास मोरियाच्या डोंगरावर नेऊन लाकडांवर बांधले, सुरी उचलली, आणि ऐन वेळी आलेल्या देवदूताच्या हाकेने ती आवरून झुडपात शिंगे अडकलेल्या मेंढ्याचा बळी दिला, ही कथा सांगून झाल्यावर अब्राहाम पायथ्याशी थांबलेल्या सेवकांकडे परतला असे म्हटले आहे. मुलगाही त्याच्यासमवेत परतला असे मात्र म्हटलेले नाही. पुढच्याच अध्यायाच्या आरंभी इसहाकाची माता सारा हिचे वयाच्या 127 व्या वर्षी निधन झाल्याची वार्ता येते. ग्रंथकार या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध जोडत नाही. परंतु पंक्तींमधल्या रित्या जागा वाचण्याची ज्यांस शतकानुशतकांची सवय, त्या यहुदी भाष्यकारांस ही जवळीक निर्हेतुक वाटली नाही. मुलास बळी देण्यासाठी नेले आहे, तो मारला जाता जाता राहिला आहे, ही बातमी सारेच्या कानी गेली आणि तिचा उत्तरार्ध मनात उतरण्यापूर्वीच तिचा प्राण गेला, असा अर्थ त्यांनी लाविला, आणि अकराव्या शतकातील सुविख्यात भाष्यकार राशी यानेही तो स्वीकारिला. डोंगरावरील अग्निपरीक्षेतून पिता उत्तीर्ण झाला. घरी राहिलेल्या मातेस मात्र कोणी परीक्षेस बसविलेच नव्हते, तिच्यापर्यंत केवळ बातमी आली.

शमुएल माओझ या इस्राएली दिग्दर्शकाचा 2017 सालचा ‘फॉक्सट्रॉट’ हा चित्रपट याच बातमीने सुरू होतो. आरंभी क्षणभर वाहनाच्या काचेतून दिसणारा एक निर्जन रस्ता, आणि लगेच तेल अवीवमधील एका सुखवस्तू घराच्या दाराची घंटा. दार उघडणारी दाफना दारातले लष्करी गणवेश पाहते आणि एक शब्दही ऐकण्यापूर्वी भुईवर कोसळते. आलेल्या माणसांस या प्रसंगाचा सराव असतो, ते तिला सुई टोचून निजवितात, आणि तिचा नवरा मिखाएल फेल्डमन यास सांगतात की तुमचा मुलगा योनाथान कर्तव्य बजावीत असता कामी आला. दर तासास एक पेला पाणी पीत जा, असेही बजावितात, आणि विसर पडू नये म्हणून त्याच्या दूरध्वनीत गजर लावून देतात. शोकाचा इतका चोख सरकारी बंदोबस्त मी अन्य कोणत्याही चित्रपटात पाहिलेला नाही. मग काही घटकांनी तीच यंत्रणा परत येते आणि कळविते की चूक झाली. मेला तो याच नावाचा दुसरा सैनिक, तुमचा मुलगा जिवंत आहे. म्हणजे सारेस जी वार्ता अर्धी पोचली ती या दाफनेस पुरी पोचते, आणि ती जगते. (ही भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचे नावही सारा अॅडलर असावे, हा योगायोग मनातून काढून टाकणे मला जमलेले नाही.)

माओझ हा नवखा दिग्दर्शक नव्हे. 1982 च्या लेबनॉन युद्धात विशीचा हा तरुण रणगाड्यावर तोफची होता, आणि त्या अनुभवावर त्याने रचिलेला ‘लेबनॉन’ हा चित्रपट, जो जवळजवळ सर्वस्वी एका रणगाड्याच्या पोटात घडतो, 2009 साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंहाचा मानकरी ठरला. ‘फॉक्सट्रॉट’ला त्याच महोत्सवात परीक्षकांचे मोठे पारितोषिक मिळाले आणि मायदेशी ओफिर हा सर्वोच्च चित्रपट-सन्मानही लाभला. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय पारितोषिके हा नाही. या चित्रपटाचे जे पौराणिक वाचन सामान्यतः केले जाते ते अपुरे आहे, नव्हे काहीसे सोयीचे आहे, आणि ती सोय कोणती हे तपासावे, एवढाच येथील हेतू.

सोयीचे वाचन ते इसहाकाच्या बंधनाचे. इस्राएलमध्ये ज्या पिढीने राष्ट्र उभारले तिने पुढील पिढीस शस्त्र धरावयास लाविले, आणि मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला सैन्यात पाठविणे हा बहुसंख्य यहुदी घरांचा संसारक्रम झाला. साहजिकच अब्राहाम आणि इसहाक ही जोडी तेथील काव्य-नाटक-शिल्पांतून पुनःपुन्हा उभी राहिली, प्रथम अभिमानाने, पुढे शंकेने, आणि अखेर संतापाने. हानोख लेविन या नाटककाराने 1970 साली कॅमेरी नाट्यगृहात या कथेची जी कडवट विडंबना रंगभूमीवर आणिली तिच्यामुळे इतका क्षोभ उसळला की थोड्याच प्रयोगांनंतर तो कार्यक्रम गुंडाळावा लागला. हा प्रश्न आपल्यास वाटतो तितका परका नाही. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले बेने इस्राएल, ज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अब्राहाम आणि योसेफ यांची चरित्रे चक्क मराठी कीर्तनाच्या थाटात, साकी-दिंडीच्या चालींवर गायिली, त्यांच्यापैकी बहुतेक कुटुंबे 1948 नंतर तिकडे गेली. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज त्याच सैन्यात आहेत, आणि ज्या दारांवर ही घंटा वाजू शकते त्यांपैकी काहींच्या आत अद्याप मराठी बोलली जाते.

परंतु मिखाएल फेल्डमन हा अब्राहाम नव्हे. अब्राहामाने हुकूम निमूट मानला. मिखाएल हुकमाविरुद्ध उसळतो. मुलगा जिवंत आहे हे कळताच दाफना आनंदाने सुटते, तो मात्र क्रोधाने पेटतो, चुकीची बातमी देणाऱ्यांवर ओरडतो, आणि माझा मुलगा आत्ताच्या आत्ता, या घटकेस, घरी आणून द्या असा हट्ट धरून वरपर्यंत खटपट करतो. खटपट फळास येते. उत्तरेकडील एका ओसाड नाक्यावरून योनाथानास माघारी बोलाविण्याचा हुकूम सुटतो, त्यास घेऊन एक वाहन निघते, वाटेत एक उंट आडवा येतो, वाहन रस्ता सोडते आणि मुलगा मरतो. बळी देण्यास नेलेला मुलगा वाचला, ही अब्राहामाची कथा. वाचविण्यासाठी आणविलेला मुलगा मेला, ही मिखाएलची. या दोन कथा उलटसुलट प्रतिबिंबे आहेत असे म्हणून विषय संपविता येईल, पण त्याने दुसऱ्या, अधिक जवळच्या कथा झाकल्या जातात.

माझ्या मते पटकथेची गुरुकिल्ली मुलाच्या नावात आहे. बायबलमधील योनाथान हा शौल राजाचा पुत्र. पलिष्ट्यांशी लढाई ऐन भरात असता शौलाने, सायंकाळपूर्वी जो अन्न खाईल तो शापित होवो, अशी शपथ साऱ्या सैन्यास घातली. योनाथान तेथे नव्हता, त्याने ती ऐकली नाही, रानातल्या मधाचे बोट त्याने जिभेस लाविले, आणि पुढे चिठ्ठ्या टाकून दोषी ठरल्यावर त्याच्या पित्याने त्यास देहान्त सुनाविला. सैनिक मध्ये पडले म्हणून तो त्या दिवशी वाचला. शास्ते नामक ग्रंथातील इफ्ताह याची गोष्ट तर याहून उघडी आहे: जय मिळाल्यास घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल त्याचा होम करीन असे त्याने वचन दिले, आणि डफ वाजवीत, नाचत सामोरी आली ती त्याची एकुलती एक कन्या. रब्बींनी या कथेवर जी टीका केली आहे ती फार मार्मिक आहे. ते म्हणतात की नवस मोडून देण्याचा अधिकार असलेला धर्मगुरू पीनहास तेव्हा हयात होता. पण मी सेनापती, मी त्याच्याकडे का जावे, असे इफ्ताह म्हणाला, आणि मी धर्मगुरू, मी त्याच्याकडे का जावे, असे पीनहास म्हणाला, आणि त्या दोघांच्या मानापमानात ती पोर गेली. देवाने मुलगी मागितली नव्हती. एका पुरुषाच्या तोंडून निघालेला शब्द आणि तो मागे घेण्याची लाज, एवढ्यानेच काम झाले.

मिखाएलचा हट्ट या जातीचा आहे. त्याच्यावर कोणतीही दैवी परीक्षा आलेली नाही. आला आहे तो एका खात्याच्या दप्तरातील नामसाधर्म्याचा घोळ, ज्यावर उतारा म्हणून त्यास हवा आहे तो आपला अधिकार पुन्हा प्रस्थापित झाल्याचा पुरावा. बातमी येताच त्याने आपल्या कुत्र्यास लाथ घातलेली, नळाखालील कढत पाण्यात स्वतःचा हात भाजून घेतलेला आपण पाहिलेला असतो. लिओर अश्केनाझीने हा दाबलेला माणूस असा उभा केला आहे की पुत्रप्रेम कोठे संपते आणि स्वामित्वाचा अहंकार कोठे सुरू होतो हे त्याच्या चेहऱ्यावरून सांगता येऊ नये.

चित्रपटाचा दुसरा अंक त्या नाक्यावर घडतो आणि कलादृष्ट्या तो तिन्हींत श्रेष्ठ आहे. चिखलात रुतलेली एक लोखंडी पेटी, तीत राहणारे चार पोरगेले सैनिक, एक अडसर, एक दिवा, आणि पलीकडे काहीच नाही. पेटी दिवसेंदिवस कलत चालली आहे. पोरे डबाबंद मांसाचा एक डबा जमिनीवर सोडून तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किती वेळात घरंगळतो हे मोजतात, आणि दर खेपेस तो अधिक लवकर पोचतो. एकजण बंदूक जोडीदारणीसारखी मिठीत घेऊन नाचतो. अधूनमधून एक उंट डुलत येतो, त्याच्यासाठी अडसर गंभीरपणे वर केला जातो आणि तो निघून जातो. माणसांसाठी मात्र इतक्या सहज तो वर जात नाही: एका पॅलेस्टिनी जोडप्यास, समारंभास निघालेल्या कपड्यांनिशी, मुसळधार पावसात बाहेर उभे केले जाते, आणि त्या बाईच्या चेहऱ्यावरील अपमान कॅमेरा डोळे न मिटता पाहत राहतो.

मग एका रात्री तरुणांनी भरलेली एक मोटार येते. एका मुलीच्या पोशाखाचे टोक दारात अडकलेले योनाथानास दिसते, दोघांची नजरानजर होते, दार उघडते, त्यातून एक पेयाचा रिकामा डबा खाली पडतो, कोणीतरी हातबॉम्ब म्हणून ओरडते, आणि योनाथानाची बंदूक चालते. पहाटे वरिष्ठ अंमलदार येतो, बुलडोझर आणवितो, मोटार आतील प्रेतांसकट जमिनीत गाडली जाते, आणि युद्धात अशा गोष्टी व्हायच्याच अशा अर्थाच्या वाक्याने प्रकरण दाखलदप्तर होते.

तत्कालीन संस्कृतिमंत्री मिरी रेगेव यांनी याच प्रसंगावरून चित्रपटावर झोड उठविली, आणि आपण तो पाहिलेला नाही हेही त्यांनी लपविले नाही. आपले सैन्य असे करीत नाही, हा त्यांचा आक्षेप. हे रूपक आहे, वृत्तचित्र नव्हे, हे दिग्दर्शकाचे उत्तर. मंत्र्यांच्या आक्षेपात मला स्वारस्य नाही, कारण न पाहिलेल्या कलाकृतीवर दिलेला निवाडा हा निवाडाच नव्हे. स्वारस्य आहे ते दिग्दर्शकाच्या उत्तरात. रूपक म्हणजे काय? चित्रपटात उंट आणि बुलडोझर एकाच कथेच्या दोन टोकांस उभे आहेत, आणि त्यांतील पहिले दैवाचे वाहन आहे तर दुसरे हुकमाचे. उंट कोणी पाठविला नाही. बुलडोझर पाठविणाऱ्याचा हुद्दा आपण पाहिलेला आहे. पेटीचे कलणे, डब्याचे घरंगळणे, फिरून मूळ पावलावर येणारे नृत्य, ही सारी चित्रे अटळतेची भाषा बोलतात, आणि त्या भाषेच्या गुंगीत, चार माणसांस गाडण्याची गोष्टदेखील अटळच होती असे प्रेक्षकास वाटू लागते. ते वाटणे खोटे आहे. गोळी चालणे ही भीतीची चूक म्हणता येईल. खड्डा खणणे ही विचारपूर्वक केलेली तजवीज आहे. पुराणकथेचा हाच धोका: तिच्या छत्राखाली गुन्हाही ग्रहणासारखा नैसर्गिक दिसू लागतो.

येथे आणखी एका जुन्या कथेचा उल्लेख करणे भाग आहे, कारण बायबलमध्ये मेंढा मुका आहे, आणि आपल्याकडील कथेत तो बोलतो. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्र राजा वरुणास पुत्राचा बळी कबूल करतो, आणि पुत्र झाल्यावर त्याचे दात येऊ देत, मग पडू देत, मग पुन्हा येऊ देत, अशा मुदती मागत राहतो. पुत्र रोहित अखेर रानात निघून जातो आणि तेथे उपाशी अजीगर्ताकडून 100 गाई देऊन त्याचा मधला मुलगा शुनःशेप आपल्या बदली विकत घेतो. मधलाच का, तर थोरला बापास द्यावयाचा नव्हता आणि धाकटा आईस. यूपास बांधावयास कोणी धजेना, तेव्हा आणखी 100 गाई घेऊन अजीगर्तानेच बांधले, आणि आणखी 100 घेऊन मारावयासही तोच पुढे झाला. शुनःशेप देवांची स्तुती करून सुटतो, पण सुटल्यावर बापाकडे परत जाण्यास नकार देतो. राजपुत्र वाचतो तेव्हा त्याच्या जागी कोणीतरी असतो, त्यास नाव असते, भावंडे असतात, आणि नंतर म्हणावयाचे असे काही असते, हे ती कथा विसरू देत नाही.

‘फॉक्सट्रॉट’मध्ये अशा बदल्या दोन ठिकाणी आहेत. पहिली, तो दुसरा योनाथान फेल्डमन. पहिल्या घरी चूक झाली म्हणजे दुसऱ्या घरी ती बरोबर झाली. पहिल्या दाफनेचा आनंद दुसऱ्या कोणा आईच्या दारावरून आलेला आहे. चित्रपटातील कोणाच्याही तोंडून त्या घराविषयी आस्थेचा एक शब्द निघत नाही, आणि मिखाएलच्या संतापात तर ते घर यत्किंचितही नाही. दुसरी बदली म्हणजे ती गाडलेली मोटार. योनाथान चित्रे काढीत असे. त्याने बुलडोझरने उचललेल्या मोटारीचे चित्र काढून ठेवले होते, आणि तिसऱ्या अंकात, मुलाच्या मृत्यूनंतर विभक्त झालेले आईबाप ते चित्र समोर ठेवून त्यात आपल्याच संसाराचा अर्थ शोधतात. हा प्रसंग मला साऱ्या चित्रपटातील सर्वांत निर्दय आणि सर्वांत प्रामाणिक वाटतो. प्रेक्षकास ठाऊक असते की ते चित्र म्हणजे कबुलीजबाब आहे. वाचणाऱ्यांस तो वाचता येत नाही, कारण पुत्रशोकाने त्यांचे डोळे भरले आहेत आणि त्या डोळ्यांत इतर कोणाच्या पुत्रांस जागा उरलेली नाही.

तिसरा अंक शोकाचा आहे आणि संथ आहे. योनाथानाचा वाढदिवस, दाफनेने केलेला केक, आणि उशिरा, अडखळत झालेले बोलणे. मिखाएल सांगतो की तारुण्यात सैन्यात असता त्याच्या एका निर्णयाने तो वाचला आणि सोबती मेले. त्याआधी, नाक्यावर, आपण योनाथानाच्या तोंडून ऐकलेले असते की नाझी संहारातून वाचून घराण्यात पिढीजात चालत आलेला धर्मग्रंथ या मिखाएलने तरुणपणी एका अश्लील मासिकाच्या बदल्यात देऊन टाकला होता. एका वारशाच्या जागी दुसरा. माओझने हा प्रसंग व्यंगचित्रांच्या हलत्या मालिकेने, विनोदी अंगाने सांगितला आहे, आणि त्यात अश्रद्धेचा उपहास नसून वारसा नावाच्या ओझ्याचा कंटाळा आहे हे ध्यानी घेतले पाहिजे: आईने छळछावणीतून आणलेले दुःख मुलाने वाहावयाचे, मुलाचे युद्ध नातवाने, आणि प्रत्येकाने गप्प राहावयाचे. मग नवरा बायकोस फॉक्सट्रॉटची पावले दाखवितो. कितीही पुढे-मागे गेले तरी अखेरचे पाऊल जेथून निघाले तेथेच. आणि त्यानंतर, सर्वांत शेवटी, तो रस्ता, तो उंट.

दिग्दर्शकाने या रचनेस ग्रीक शोकांतिकेचा आदर्श सांगितला आहे: नायक आपल्या हातानेच आपली शिक्षा घडवितो आणि ती कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. रचनेचे कौशल्य निर्विवाद आहे. माझी तक्रार, जर ती तक्रार असेल, ती शोकांतिकेच्या जमाखर्चाविषयी आहे. शोकांतिकेत हिशेब जुळतो. ज्याने उद्दामपणा केला त्याच्याच घरी मृत्यू येतो, आणि प्रेक्षक रडत असला तरी कोठेतरी आश्वस्त होऊन उठतो, कारण जगात ताळेबंद आहे असे त्यास दाखविले गेलेले असते. प्रत्यक्षात वशिल्याने परत आणविलेले मुलगे बहुधा सुखरूप पोचतात. त्यांच्या जागी नाक्यावर दुसरा कोणी उभा राहतो, मोटार दुसऱ्याच घराची गाडली जाते, आणि सोडवून आणणाऱ्या पित्यास त्याची खबरही लागत नाही.

हे माओझला ठाऊक नाही असे नव्हे. उलट तेच त्यास सर्वांहून अधिक ठाऊक आहे. या चित्रपटाच्या उगमाची हकीकत त्याने स्वतः सांगितली आहे. त्याची थोरली मुलगी शाळेस नेहमी उशिरा उठे आणि टॅक्सी मागे. एके दिवशी तो रागावला आणि इतरांसारखी बसने जा म्हणाला. अर्ध्या तासाने बातमी आली की त्या मार्गावरील बसमध्ये आत्मघाती स्फोट होऊन अनेक माणसे मेली आहेत. दूरध्वनी लागेना. पुढचा एक तास आपल्या साऱ्या युद्धाहून भयंकर होता, असे तो म्हणतो. तासाभराने मुलगी घरी परतली; तिने ती बस थांब्यावरून सुटताना पाहिली होती आणि मागाहून आलेली घेतली होती. बापाच्या तोंडून निघालेला शब्द आयुष्याने त्यास परत दिला, दंड न घेता. आणि त्याने बसून अशी एक कथा लिहिली की जीत तो दंड वसूल व्हावा. त्या पहिल्या बसमध्ये जे बसले होते त्यांच्या घरी त्या दिवशी कोण गेले, दार कोणी उघडले, हे त्या हकीकतीत येत नाही, जसे चित्रपटात दुसऱ्या योनाथान फेल्डमनचे घर येत नाही.